नवऱ्याची साखर

माझा नवरा साखर दाखवायला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. हे लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, कारण मी स्वतः मधुमेहाची डॉक्टर आहे. भोपाळच्या जवाहर चौकात एका औषधाच्या दुकानाच्या वर माझा दवाखाना आहे आणि तिथं बसून तीसहून जास्त वर्षं मी गावाच्या साखरा सांभाळल्या. सत्तरीला टेकल्यापासून फक्त सकाळी बसते, तरी जिन्यावर अजून रांग असते. त्या रांगेत उभं न राहता मला हवं तेव्हा नाडी दाखवू शकेल असा या गावात एकच माणूस आहे. आणि तो मला चुकवून याच गावातल्या हबीबगंजला गेला.

संपादकांनी सांगितलं होतं, व्यवसायातले अनुभव लिहा, वाचकांच्या उपयोगी पडेल असं लिहा. लिहिते. पण मजकुराला करपल्याचा वास आला तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

माझे निम्मे पेशंट मराठी आहेत. राजधानी भोपाळला झाली तेव्हा ज्यांचे वडील नागपूरहून सरकारी दप्तरांबरोबर इथं आले, ती मुलं आता पंचाहत्तरी ओलांडून बसली आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भांडण जुंपलं की दोन्ही. बहुतेकांचं आयुष्य कचेरीत गेलं, त्यामुळे आकड्यावर त्यांची फार श्रद्धा. सकाळी शाहपुऱ्याच्या तलावाभोवती ही मंडळी फिरतात तेव्हा हवापाण्याच्या गप्पा होत नाहीत. "तुमची किती आली?" असं विचारतात. ज्याची कमी आली तो पुढे चालतो, ज्याची जास्त आली तो बुटाची नाडी बांधायला मागे राहतो.

नानासाहेब म्हणून एक निवृत्त अधीक्षक होते. ऐंशीला आलेले, हृदयात स्टेंट, दोन्ही गुडघे गेलेले. एकदा जिना चढून धापा टाकत आले आणि टेबलावर खोका ठेवला.

"मॅडम, सहा पॉइंट एक! तोंड गोड करा."

"साखर कमी आली म्हणून पेढे, नानासाहेब?"

"आपण खायचे नाहीत हो, वाटायचे!"

चौकशी केली तेव्हा कळलं, रिपोर्टच्या आधी महिनाभर त्यांनी रात्रीचं जेवणच सोडलं होतं आणि गोळ्या मात्र सगळ्या घेत होते. दोनदा न्हाणीघरात तोल गेला होता. तो त्यांनी गुडघ्यांच्या खात्यावर टाकला. मी म्हटलं, तुमचे हे सहा पॉइंट एक मला पसंत नाहीत, मला साडेसात-आठ हवेत. त्यांचा चेहरा असा पडला की विचारू नका. म्हणाले, "आयुष्यभर पहिल्या वर्गात आलो, आता म्हातारपणी काठावर पास व्हायला सांगता?"

इथं बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगते. बोटाला टोचून कळते ती त्या क्षणाची साखर. नानासाहेबांचा आकडा वेगळ्या तपासणीचा, तीन महिन्यांच्या सरासरीचा. रक्तातल्या तांबड्या पेशी तीनेक महिने जगतात, तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली ते त्यात मोजतात. पंचेचाळिशीच्या माणसाला आम्ही सांगतो, सातच्या खाली ठेव. कारण वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडं, पायांच्या नसा हळूहळू खराब करते, त्याला वर्षं लागतात आणि त्याच्यापाशी तेवढी वर्षं आहेत. ऐंशीच्या माणसाचं तसं नाही. साखर आवळून धरल्याचा फायदा त्याला मिळेल दहा वर्षांनी, आणि ती आवळताना मर्यादेबाहेर घसरली तर तोटा होईल आज सकाळीच. तो पडेल, खुब्याचं हाड मोडेल, हृदय बिघडेल. तरुण माणसाला साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते. म्हाताऱ्या शरीरात ही घंटा नीट वाजतच नाही. माणूस एकदम बरळायला लागतो, नाही तर चिडचिड करतो, नाही तर मुकाट्यानं खाली बसतो. मूत्रपिंडं मंदावलेली असली तर गोळीही अंगात रेंगाळते.

म्हणून धडधाकट म्हाताऱ्याला सात ते साडेसात पुरे. आजार बरेच असतील, पडायची भीती असेल, विसरायला होत असेल तर आठ. फारच थकलेला जीव असेल तर साडेआठलाही आम्ही डोळे वटारत नाही. मात्र हे वाचून कुणी उद्यापासून आपल्या मनानं गोळ्या बंद करू नयेत, आपल्या डॉक्टरांशी भांडावं. आम्हाला भांडणाची सवय असते.

या बाबतीत मी गावात पुढे होते, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. डबीर काकूंची गोष्ट ऐका. वय अठ्ठ्याहत्तर, शाहपुऱ्यात एकट्या राहायच्या. एकाएकी काकू धुतलेले कपडे फ्रिजमध्ये ठेवायला लागल्या, दूधवाल्याला चोर म्हणायला लागल्या. भाच्यानं ठरवलं, विसरण्याचा आजार झाला, आता वृद्धाश्रम पाहावा. तिथली जागा बघून झाली होती. मी त्याला विचारलं, हे सगळं दिवसातून कोणत्या वेळी होतं? म्हणाला, जेवणाआधी जास्त. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मी काकूंच्या घरी जाऊन थडकले. काकू सोफ्यावर, एका पायात चप्पल, माझ्याकडे बघून मला पोस्टमन म्हणाल्या. बोटाला टोचलं तर साखर पन्नासच्या खाली; आम्ही सत्तरच्या खालीच धोका मानतो. ग्लुकोज पाजलं. थोड्या वेळानं त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अगं बाई, डॉक्टर, तुम्ही केव्हा आलात? चहा टाकू?" भाचा भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्यांची एक गोळी बंद केली, दुसरी निम्मी केली, आकडा साडेसातच्या वर जाऊ दिला. काकू अजून स्वतःच्या घरात स्वतःच्या हातानं चहा टाकतात.

त्या दिवशी माझी बॅग धरून माझ्याबरोबर एक मुलगी होती. तिचं नाव झोया. जुन्या भोपाळातली, नुकतीच एमडी झालेली. काही महिने माझ्या दवाखान्यात शिकायला बसत होती. हुशार होती, मुख्य म्हणजे रिपोर्टच्या आधी पेशंटकडे बघायची. मला ती फार आवडली होती. हे आत्ताच लिहून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल बरं बोलेन याची खात्री नाही.

पुढे झोयानं हबीबगंज स्टेशनच्या बाजूला स्वतःचा दवाखाना काढला. फक्त म्हाताऱ्यांसाठी! तळमजल्यावर, जिना नाही, गाद्यांच्या खुर्च्या, एकेकाशी अर्धा अर्धा तास गप्पा. सगळ्यात आधी नानासाहेब गेले. सांगायला आले होते, तो सभ्यपणा त्यांनी दाखवला.

"मॅडम, तुमचं औषध चांगलंच आहे. पण ती पोरगी ऐकून घेते हो."

"मी ऐकत नाही?"

"तुम्ही ऐकता. पण ऐकताना पुढचा पेशंट बोलावता."

मी हसले. घरी आल्यावर भाजी करपवली. त्यानंतर स्टेशनच्या बाजूला काही काम नसलं तरी माझी गाडी त्या रस्त्यानं जायला लागली. झोयाच्या दवाखान्याबाहेर चपला काढायची पद्धत आहे. आता, मधुमेहाची डॉक्टर माणसाला चेहऱ्याइतकीच पायांवरून ओळखते. दर भेटीला आम्ही तळवे बघतो, बोटांच्या बेचक्या बघतो, चप्पल कुठं झिजली ते बघतो, कारण मधुमेह्याच्या पायाला जखम झालेली त्याला कळत नाही. त्यामुळे गाडी हळू केली की मला ती रांग वाचता यायची. नानासाहेबांच्या मऊ तळव्याच्या. जोशीबाईंच्या, डाव्या टाचेला झिजलेल्या. चौबेजींच्या, मीच पट्टा सैल करायला लावलेल्या. माझी माणसं, माझे पाय, आणि उंबरा दुसरीचा. बघवत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवत नसे.

गेल्या उन्हाळ्यात अशीच गाडी हळू केली आणि त्या रांगेत मला आमच्या ह्यांच्या चपला दिसल्या.

तपकिरी, मागे पट्टा असलेल्या. उजवा पट्टा तुटला होता तो मीच जवाहर चौकातल्या मोच्याकडून शिवून घेतला होता, पांढऱ्या दोऱ्यानं, कारण त्याच्याकडे तपकिरी दोरा नव्हता. गाडी बाजूला घेऊन मी काच खाली केली. आतून हसण्याचा आवाज आला. त्यांचाच. पोट धरून हसताना शेवटी त्यांना खोकला येतो, तसा आलासुद्धा. घरी ते कधी असे हसले होते ते आठवायचा मी प्रयत्न केला आणि आठवेना. माणूस दुसऱ्या बाईकडे गेल्याचं कळल्यावर बायकांना काय वाटत असेल ते मला भर दुपारी, स्टेअरिंग धरून बसल्या बसल्या कळलं. कदाचित त्या बायकांचं बरं असेल. त्यांची दुसरी बाई निदान त्यांनी शिकवलेली तरी नसते.

आता ह्यांच्याविषयी सांगायला हवं. वय अठ्ठ्याहत्तर. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. आमचं लग्न झालं तेव्हा धरणाच्या भिंतीवर उन्हात उभे राहून मजुरांना हाका मारायचे आणि तो आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. पन्नाशीत मधुमेह निघाला, तेव्हापासून त्यांची साखर माझ्या ताब्यात. सकाळची गोळी मी माझ्या हातानं देते, पाण्याच्या पेल्यासकट. ती घेऊन ते तलावावर फिरायला जातात, आल्यावर नाश्ता. आकडा कायम साडेसहाच्या आत. गावात कुणी म्हणालं की बाई, साखर काही आवरत नाही, की मी म्हणायची, आमच्या ह्यांच्याकडे बघा.

मधल्या काळात एकदा ते फिरून आले तेव्हा सदऱ्याच्या बाहीवर पाकाचा डाग होता. भोपाळात सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर पोहे-जलेबीचे ठेले असतात. म्हटलं, "जलेबी?" खाली बघून म्हणाले, "मोह झाला." मी पुढच्या आठवड्यात अर्ध्या गोळीची पूर्ण केली. काही दिवसांनी पुन्हा डाग, पुन्हा मोह. मग मी त्यांना आठवडाभर कडू बोलले. ते मूग गिळून बसले. उन्हाळा सुरू झाला तरी पूर्ण बाह्यांचे सदरे घालायला लागले. मला वाटलं, डाग पडला तर बाही दुमडून लपवता यावा म्हणून असेल.

चपला पाहिल्या त्या दिवशी मी त्यांच्या आधी घरी पोचले आणि दिवाणखान्यात बसून राहिले. ते आले, पंखा लावला.

"कुठं गेला होतात?"

"फिरायला."

"हबीबगंजपर्यंत?"

ते उभेच राहिले. मग शांतपणे बाहीचं बटण सोडून बाही दंडापर्यंत वर केली. दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढं पांढरं यंत्र चिकटवलेलं होतं. मी ते शंभर जणांच्या दंडावर चिकटवलंय. रात्रंदिवस साखर टिपत राहतं ते.

"झोयानं लावलंय," ते म्हणाले.

झोयानं! डॉक्टरबाईंनी नाही, त्या पोरीनं नाही. झोयानं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण भांडी काढून पुन्हा लावली. ते दारात येऊन उभे राहिले.

"गुरुवारी बोलावलंय तिनं. तू येतेस?"

"मी कशाला येऊ? मी कोण लागते?"

गुरुवारी मी त्यांच्या आधी तयार होते. इस्त्रीची साडी नेसले, बारीक काठाची. कशासाठी ते मलाच ठाऊक नाही.

झोया मला बघून ताडकन उठली. "मैडम! आप इधर बैठिए," म्हणून स्वतःची खुर्ची पुढे केली. मी भिंतीजवळच्या, नातेवाइकांच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हटलं, "मैं आज इनके साथ आई हूँ, बस." एवढ्या वर्षांत मी त्या बाजूच्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. तिथून डॉक्टर फार लांब वाटते.

"अंकल, मैडम को आप बताएँगे या मैं?"

ते माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बोलायला लागले. तलावाला अर्धी फेरी झाली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पाय गळायचे. एके दिवशी घराकडे वळायचा रस्ता कुठला, तेच आठवेना. मुन्ने भाई म्हणून तिथला जलेबीवाला आहे, त्यानं हाताला धरून बाकावर बसवलं आणि अस्सल भोपाळी ढंगात म्हणाला, "अरे इंजीनियर साहब, पसीना-पसीना हो रहे हो खाँ, मुँह मीठा करो पहले." जलेबी तोंडात गेल्यावर जरा वेळानं रस्ता आठवला. तेव्हापासून तशी अंधारी आली की मुन्ने भाईकडे बसायचं हे ठरून गेलं. त्यानंच कुणाकडून तरी झोयाचा पत्ता काढून दिला. झोयानं पडद्यावर त्या यंत्राची रेघ दाखवली. रोज सकाळी, माझी गोळी पोटात गेल्यानंतर, फिरण्याच्या वेळी रेघ खाली घसरत जात होती. कधी साठ, कधी पन्नासच्या आसपास. मग एकदम उंच. तो उंच भाग म्हणजे जलेबी.

कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची साखर पडायची म्हणून ते जलेबी खायचे. मला पाक दिसायचा म्हणून मी गोळी वाढवायची. गोळी वाढली की साखर आणखी पडायची. दुसऱ्या कुणाच्या घरात हे चाललं असतं तर पाकाचा पहिला डाग ऐकूनच मी ओळखलं असतं.

"मोह झाला म्हणालात मला," मी म्हटलं. आवाज मला हवा होता त्याहून मोठा निघाला.

"मोह म्हटलं की तू रागावतेस. चक्कर म्हटलं असतं तर घाबरली असतीस." मग म्हणाले, "तुझ्या रागाची सवय आहे मला."

झोयानं त्यांना हात न टेकवता खुर्चीवरून उठायला सांगितलं. म्हाताऱ्यांची ही साधी तपासणी आहे, मीही करते. ते पुढे झुकले, उठले नाहीत. पुन्हा झुकले. तिसऱ्या खेपेला मांड्यांना हात लावून उठले आणि लहान मुलासारखे ओशाळून झोयाकडे बघितलं. ती म्हणाली, "कोई बात नहीं अंकल, हाथ लगा लीजिए." आमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्यांना हात आहेत. धरून उठता येतं.

"मैडम, मैं सुबह वाली गोली बंद कर रही हूँ," ती म्हणाली. "और टारगेट साढ़े सात से आठ. छह वाला नंबर अब नहीं चाहिए."

आणि मी वाद घालायला लागले. ह्यांची तब्येत उत्तम आहे, रोज तलावाला फेरी मारतात, वाचायला चष्मा सोडला तर काही नाही, ह्यांच्या वडिलांनी नव्वदी पार केली होती. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू येत होता. "डॉक्टर साहब, हमारे पापा तो एकदम फिट हैं," हे मी भिंतीजवळच्या खुर्चीवरून आलेलं किती वेळा ऐकलंय, आणि किती वेळा मनात हसलेय. झोया हसली नाही. ती हळूच म्हणाली, "मैडम, डबीर आंटी का नंबर तो आपने ही ऊपर जाने दिया था. मैं वहीं थी."

"ती गोष्ट वेगळी आहे," मी म्हटलं. मराठीतच बोलले, तिला कळतं. "त्या म्हाताऱ्या आहेत."

बाहेर कुणीतरी चपला घालत होतं, त्याचा आवाज येत होता. डबीर काकू तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं आणि झोयाच्या तर आधीच लक्षात होतं. आमचे हे आपल्या गुडघ्यांवरचे हात बघत बसले होते.

शेवटी झोयाच बोलली. म्हणाली, पहिल्याच दिवशी मी अंकलना विचारलं होतं, इलाज से आपको चाहिए क्या? अंकल म्हणाले होते, नागपूरहून नात येते, तिला आणायला एकट्यानं स्टेशनवर जायचंय. पूर्वी जायचे, आता घरून सोडत नाहीत, आणि स्वतःलाही भीती वाटते, फलाटावर पडलो तर पोर घाबरेल. "तो बस, हमारा टारगेट वही है," ती म्हणाली. "प्लेटफॉर्म तक जाना, और बच्ची को लेकर वापस आना. आठ उसी के लिए है."

मला त्या क्षणी तिचा भयंकर मत्सर वाटला. तिच्या गाद्यांच्या खुर्च्यांचा नाही, माझे पेशंट नेल्याचाही नाही. हा प्रश्न मी हजार म्हाताऱ्यांना विचारलाय. तो तिला मीच शिकवला. पण ज्या माणसाशेजारी मी चाळीसहून जास्त वर्षं झोपले, त्याचं उत्तर तिच्याकडे जमा होतं. स्टेशनवर जायला मीच त्यांना मनाई केली होती, उन्हाचं कारण सांगून. ते एका शब्दानं बोलले नव्हते आणि मला वाटलं होतं की त्यांना तसं काही विशेष नाही.

निघताना झोया दारापर्यंत आली. वाकून तिनं ह्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या, पट्टा तपासला, आणि मला म्हणाली, "सिलाई अंदर से चुभ तो नहीं रही ना, मैं देख रही थी." पाय बघायचे हेही माझ्याकडूनच उचललेलं. मी काहीतरी बरं बोलायला हवं होतं. "ठीक है," एवढंच म्हटलं आणि गाडीकडे गेले.

गाडी मी चालवत होते. पूल ओलांडला. मग मला राहवलं नाही.

"मला जळायला होतंय," मी म्हटलं. "खरंच सांगते. तिथं तुम्ही हसता. मी रस्त्यावरून ऐकलं. तिला सगळं सांगता. माझ्याकडे काय कमी होतं? औषध तेच, आकडे तेच. तिला जे येतं ते सगळं मला येतं."

"तिच्यापेक्षा तुला जास्तच येतं."

"मग?"

सिग्नल लागला, सुटला.

"तिथं मी म्हातारा असतो, सुलू," ते म्हणाले. "गेलो की हात धरून बसवतात. उठताना दोनदा झोका घ्यावा लागला तरी चालतो. एकच गोष्ट परत सांगितली तरी कुणी 'आत्ताच सांगितलंत' म्हणत नाही. बरं वाटतं गं. घरी मला अजून धरणावर चढून दाखवावं लागतं."

मला गाडी चालवताना रडता येत नाही, रस्ता दिसेनासा होतो. म्हणून मी रडले नाही. शाहपुऱ्याच्या वळणावर मात्र चुकून डावीकडे घेतली आणि तलावाला आख्खा वळसा घालावा लागला. त्यांनी रस्ता चुकल्याचं दाखवून दिलं नाही.

घराच्या फाटकाशी गाडी थांबवली. त्यांनी दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि दाराची कड धरून, अंग मागेपुढे करत उठायला लागले. रोज असेच उतरत असणार. मी रोज तोवर कुलूप काढायला पुढे गेलेली असते. आज मी इंजिन बंद करून बसून राहिले आणि पहिल्यांदा पूर्ण बघितलं. मग उतरून त्यांच्या बाजूला गेले आणि त्यांच्या काखेत हात घातला. त्यांनी तो झटकला नाही.

"कधीपासून म्हातारे झालात?" मी विचारलं.

"झाली असतील दोन-तीन वर्षं," ते म्हणाले. "तुला सांगायचं राहून गेलं."